दोघांना तीन लाख, सातांनाही तीन लाख

परभणीच्या मोंढ्याजवळची एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणा. एका भाड्याच्या खोलीत नवरा-बायको दोघंच राहतात. तो खासगी शाळेत शिपाई, पगार 13 हजार. ती एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, पगार 11 हजार. मूलबाळ अजून नाही. समोरच्या दोन खोल्यांत सात माणसं आहेत. घरधनी मोंढ्यात हमाल. हंगाम आणि मंदी यांची सरासरी काढली तर महिन्याला 14 हजार हाती पडतात. बायको ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, तिचे 6 हजार. थोरला मुलगा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात 9 हजारांवर आहे. त्याच्या पाठच्या दोन मुली अजून चौदाच्या आतल्या, शाळेत जाणाऱ्या. शिवाय हमालाचे म्हातारे आई-वडील. ही दोन्ही घरं कल्पनेतली आहेत, पण आकडे गल्लीत कुणालाही खोटे वाटणार नाहीत असेच घेतले आहेत.

दोन्ही घरांना सरकारी योजनेतून घर हवंय. दोघांचं वर्षाचं उत्पन्न भरतं 2 लाख 88 हजार, सातांचं 3 लाख 48 हजार. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ म्हणून गणलं जाण्याची वार्षिक मर्यादा 3 लाख रुपये आहे. दोघं बसले, सात जण बाहेर.

आता माणशी हिशोब करून बघा. दोघांच्या घरात डोकी दोन, म्हणजे महिन्याला माणशी 12 हजार. सातांच्या घरात माणशी 4,143. ज्या घरात माणशी तिपटीने कमी पैसा आहे, ते घर नियमाच्या लेखी ‘दुर्बल’ नाही. कुणी लाच खाल्ली नाही, कुणी कागद दडवला नाही, कारकुनाची बेरीजही चुकली नाही. नियम जसा लिहिलाय तसाच चालला. मग असं झालं कसं?

### मर्यादा म्हणजे एक आकडा नव्हे

आपण ‘उत्पन्न मर्यादा’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एकच आकडा येतो. प्रत्यक्षात त्या आकड्याआड तीन वेगवेगळे निर्णय असतात. कुटुंब कुणाला म्हणायचं? त्यातल्या कुणाकुणाची कमाई धरायची? आणि ती बेरीज कोणत्या रेषेशी ताडून पाहायची? लोक भांडतात ते तिसऱ्यावर, कारण तो पेपरात छापून येतो. निकाल मात्र बरेचदा पहिल्या दोनांतच लागून गेलेला असतो.

आधी तिसऱ्याचंच बघू, तो सोपा आहे.

2012 च्या नोव्हेंबरात केंद्राने शहरी दुर्बल घटकाची मर्यादा वर्षाला 1 लाख आणि अल्प उत्पन्न गटाची 2 लाख ठरवली होती. 25 जून 2015 रोजी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) सुरू झाली तेव्हा ती एकदम तिप्पट झाली: दुर्बल घटक 3 लाखांपर्यंत, अल्प उत्पन्न गट 6 लाखांपर्यंत. पुढे व्याज सवलतीसाठी मध्यम गटाचे दोन थर आले, 12 लाख आणि 18 लाखांचे. 1 सप्टेंबर 2024 पासून योजनेचा दुसरा टप्पा लागू झाला. त्यात मध्यम गट 9 लाखांवर आणून ठेवला, पण खालच्या दोन रेषा होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे 2015 मध्ये जे 3 लाख होते तेच 2024 मध्येही 3 लाख. मधल्या नऊ वर्षांत महागाई साधारण दीडपट झाली. मजुरी वाढली, तेल-डाळ वाढली, सिमेंटची गोणी वाढली, रेष तेवढी जागची हलली नाही. रेष न हलवता लोकांना तिच्या वर ढकलण्याचा हा फार शांत मार्ग आहे. त्यात कुणाचं नाव यादीतून कापावं लागत नाही.

राज्याची म्हाडा वेगळी पट्टी वापरते. 2022 मध्ये राज्य सरकारने म्हाडाच्या मर्यादा बदलल्या आणि महाराष्ट्राचे दोन भाग केले. मुंबई, पुणे आणि नागपूर यांचे महानगर प्रदेश, तसंच दहा लाखांवर लोकसंख्येची शहरं हा एक भाग. तिथे दुर्बल घटक 6 लाखांपर्यंत. उरलेला महाराष्ट्र हा दुसरा. तिथे दुर्बल घटक साडेचार लाखांपर्यंत, अल्प गट साडेसात लाखांपर्यंत, मध्यम गट 12 लाखांपर्यंत. 2011 च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या 3 लाख 7 हजार होती, तेव्हा आपण अर्थातच ‘उरलेल्या’ महाराष्ट्रात. (मराठवाड्याला हा शब्द नवा नाही.) गंमत अशी की केंद्राचे 2015 चे 3 लाख महागाईने फुगवले तर जवळपास हेच साडेचार लाख येतात.

एकाच शहरात, एकाच गरिबाला मोजायला दोन पट्ट्या! म्हाडाच्या जाहिरातीत काही घरं प्रधानमंत्री आवास योजनेतली असली तर त्या घरांना केंद्राची मर्यादा लागते आणि शेजारच्या सदनिकांना म्हाडाची. मुंबई महानगर प्रदेशात ही विसंगती फारच बोचायला लागली, तेव्हा 2023 मध्ये केंद्राने तिथल्यापुरती दुर्बल घटकाची मर्यादा 3 वरून 6 लाख करायला मंजुरी दिली. राज्याने मागितलं आणि केंद्राने मानलं तर आकडा बदलता येतो, हे त्यातून दिसलं. मुंबईसाठी ते मागितलं गेलं.

### कुटुंब कुठे संपतं?

आता पहिला प्रश्न, आणि खरा खेळ इथेच आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. बस्स. आई-वडील त्यात नाहीत, विधवा बहीण नाही, शिकायला आणून ठेवलेला पुतण्या नाही. आपल्या हमालाच्या घरात राहतात सात, पण अर्जावर पाचच. म्हातारा-म्हातारी खातात-पितात, औषधं घेतात, मात्र कागदावर त्यांना जागा नाही. थोरल्याचं लग्न व्हायचंय म्हणून त्याची कमाई मात्र धरली जाते. म्हणजे खाणारी दोन तोंडं वगळली आणि कमावते दोन हात घेतले.

पुढचं गणित तर आणखी मजेशीर. समजा, येत्या मे महिन्यात थोरल्याचं लग्न झालं. लग्न लागलं त्या क्षणी तो नियमानुसार वेगळं कुटुंब झाला. हमाल आणि त्याची बायको यांचं उत्पन्न उरलं महिन्याला 20 हजार, वर्षाला 2 लाख 40 हजार, तेव्हा ते पात्र. मुलगा-सून यांचं उत्पन्न 1 लाख 8 हजार, तेव्हा तेही पात्र. त्याच दोन खोल्या, तीच कमाई, खाणारं एक तोंड वाढलेलं; आणि शून्य घरांचा हक्क असलेलं कुटुंब दोन घरांना पात्र झालं. उत्पन्न एका रुपयाने बदललं नाही. पहिल्या टप्प्याच्या नियमांत पुढे अशी तरतूद आली होती की स्वतः कमावणारा प्रौढ मुलगा किंवा मुलगी, लग्न झालं असो वा नसो, वेगळं कुटुंब मानता येईल. ते शहाणपणाचं होतं. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलाला घर मिळायला आधी बायको मिळवावी लागू नये.

म्हाडाने कुटुंब आणखी आखूड केलं. तिथे कौटुंबिक उत्पन्न म्हणजे अर्जदार आणि त्याची पत्नी किंवा तिचा पती, या दोघांचंच. मुलाचे 9 हजार धरायचेच नाहीत. म्हणून आपला हमाल म्हाडाच्या हिशोबात 2 लाख 40 हजारांचा, साडेचार लाखांच्या रेषेखाली आरामात बसणारा. तिकडे बसला म्हणजे घर मिळालं असं मात्र नाही. म्हाडाची सोडत निघावी लागते, त्यात नाव लागावं लागतं आणि मग घराची किंमत भरावी लागते.

गावाकडे तिसरीच व्याख्या कामाला आली. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ज्या यादीवर उभी राहिली ती 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेतली. तिच्यात कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. चूल एक तर घर एक. या व्याख्येत आजी-आजोबा येतात, पुतण्या येतो, सगळे येतात. माझ्या मते तिन्हींत हीच आपल्या घरांच्या सर्वांत जवळ जाते. पण तिचाही एक परिणाम झाला. पाथरी-सेलूकडे काय किंवा गंगाखेड-पालमकडे काय, वाड्यात तीन भाऊ एका चुलीवर जेवत होते त्यांना एक घर, आणि ज्यांनी भांडून चुली वेगळ्या केल्या त्यांची नावं तीन ठिकाणी. रेशनकार्ड वेगळं करून घ्यायला तहसीलला खेटे का घातले जातात, ते यातून कळतं.

### एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं शास्त्र

कुटुंबात कोण हे ठरलं तरी मूळ कोडं सुटत नाही. दोघांना आणि सातांना एकच रेष का? माणशी भाग लावला की झालं, असं पटकन वाटतं. पण तेही बरोबर नाही.

दोन माणसांच्या घराला एक फ्रीज लागतो, चौघांच्या घरालाही एकच. भाडं दुप्पट होत नाही, विजेचं बिल दुप्पट होत नाही, टीव्ही एकच असतो. ज्वारी मात्र डोक्यागणिक लागते, शाळेची फी मुलागणिक लागते. म्हणून घर चालवायचा खर्च माणसं वाढली की वाढतो, पण त्याच पटीत नाही. सरळ माणशी भागाकार मोठ्या कुटुंबाला उगाच जास्त गरीब दाखवतो. भागाकार केलाच नाही तर मोठं कुटुंब उगाच श्रीमंत दिसतं. खरं उत्तर मधे कुठेतरी आहे.

ते मधलं उत्तर काढायची रीत एसटीच्या कंडक्टरला ठाऊक असते. मोठ्याला पूर्ण तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या पोराला अर्धं, त्याहून लहान मांडीवर. बस तेवढीच, डिझेल जवळपास तेवढंच, पण प्रत्येक उतारूचं वजन हिशोबात वेगळं. (आता महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, तो विषय निराळा.) अर्थशास्त्रज्ञ कुटुंबासाठी असंच करतात. विकसित देशांची ओईसीडी ही संघटना जी मोजपट्टी वापरत आली तिच्यात घरातल्या पहिल्या मोठ्या माणसाला 1, पुढच्या प्रत्येक मोठ्याला अर्धा आणि 14 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला 0.3 असं वजन आहे. पहिला माणूस महाग, कारण चूल, छप्पर, दिवा हा सगळा खर्च त्याच्या खात्यावर; पुढचे त्याच छपराखाली येतात म्हणून स्वस्त.

आपली दोन घरं या पट्टीवर ठेवू. नवरा-बायकोचं वजन दीड. 2 लाख 88 हजारांना दीडने भागलं की 1 लाख 92 हजार. हमालाच्या घरात मोठी माणसं पाच: पहिल्याला 1, उरलेल्या चौघांचे 2, दोन मुलींचे 0.6, एकूण 3.6. त्याने 3 लाख 48 हजारांना भागलं की येतात सुमारे 97 हजार. माणशी भागाकारात फरक जवळपास तिप्पट दिसत होता; तो अतिशयोक्त होता. पण दुप्पट आहेच. ज्या घराला नियमाने आत घेतलं त्याची ऐपत, बाहेर ठेवलेल्या घराच्या दुप्पट आहे.

### बाहेरचे लोक काय करतात

अमेरिकेत घरांच्या मदतीची उत्पन्न मर्यादा एका आकड्यात लिहिलेलीच नसते. तिथलं गृहनिर्माण खातं दरवर्षी प्रत्येक भागाचं मधलं उत्पन्न काढतं, म्हणजे त्या भागातली सगळी कुटुंबं कमाईच्या क्रमाने रांगेत उभी केली तर बरोबर मध्यावर जे येईल त्याचं उत्पन्न. त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत ‘कमी उत्पन्न’, 50 टक्क्यांपर्यंत ‘अतिशय कमी’. हे झालं चौघांच्या कुटुंबासाठी. माणसं कमी असली तर प्रत्येक माणसामागे 10 टक्के वजा: तिघांना 90, दोघांना 80, एकट्याला 70. जास्त असली तर माणसागणिक 8 टक्के अधिक: पाच जणांना 108, सहांना 116, सातांना 124, आठांना 132. जाहिरात आकड्यांच्या तक्त्यासारखी असते. वर माणसांची संख्या, खाली मर्यादा.

आपले 3 लाख ही चौघांची मर्यादा समजून हाच तक्ता परभणीला लावला तर? दोघांची मर्यादा येते 2 लाख 40 हजार. शाळेतल्या शिपायाचं घर 2 लाख 88 हजारांचं, म्हणून बाहेर. सातांची येते 3 लाख 72 हजार; हमालाचं घर 3 लाख 48 हजारांचं, म्हणून आत. निकाल पुरता उलटला, आणि तोही सरकारचा एक पैसा जास्त खर्च न होता. शिपायाचं कुटुंब मग अल्प उत्पन्न गटात मोडेल, म्हणजे त्याला दार पूर्ण बंद होणार नाही.

सिंगापूरने वेगळी वाट धरली. तिथे नव्या सरकारी फ्लॅटसाठी महिन्याच्या उत्पन्नाची कमाल मर्यादा साध्या कुटुंबाला 14 हजार सिंगापुरी डॉलर, एकट्याला त्याच्या निम्मी, आणि आई-वडिलांसह राहणाऱ्या विस्तारित कुटुंबाला 21 हजार. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांना दीडपट मोकळीक. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे आपण. पण एकत्र कुटुंबाला नियमात जागा दिली सिंगापूरने.

### मग आपण हे का करत नाही?

पहिलं कारण खरं आणि रास्त आहे: आपल्याकडे जिल्हावार कौटुंबिक उत्पन्नाचे दरवर्षी काढलेले आकडेच नाहीत. अमेरिकेचा तक्ता सर्वेक्षणांवर उभा आहे. परभणी जिल्ह्याचं मधलं कौटुंबिक उत्पन्न किती, याला कुठलं सरकारी उत्तर नाही, म्हणून दिल्लीत बसून एक गोल आकडा ठरवला जातो. दुसरं कारण फसवणुकीच्या भीतीचं असावं: डोकी वाढवली की मर्यादा वाढते म्हटलं तर नागपूरचा मेहुणाही परभणीच्या रेशनकार्डावर येईल. ही भीती अगदीच खोटी नाही.

पण माणसं मोजणं आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. रेशनमध्ये आपण ती रोज मोजतो. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला धान्य माणशी 5 किलो मिळतं. आधारशी जोडलेलं प्रत्येक नाव यंत्रावर दिसतं. अंत्योदय कार्डाला मात्र घरामागे 35 किलो, मग घरात दोघं असोत की नऊ. एकाच दुकानात, एकाच मापाड्याकडे दोन्ही रीती सुखाने नांदतात. आणि त्याच कायद्यात आत येण्याची राज्याने ठरवलेली उत्पन्न मर्यादा कुटुंबामागेच आहे: गावात वर्षाला 44 हजार, शहरात 59 हजार. धान्य देताना डोकी मोजायची, दारात अडवताना मोजायची नाहीत!

जी माहिती रेशनच्या यंत्रात आहे तीच घरकुलाच्या अर्जाला जोडली तर मेहुण्याची भीतीही उरत नाही, कारण त्याचं नाव एका वेळी एकाच कार्डावर असू शकतं. आडकाठी यंत्राची नाही, मनाची आहे.

घराच्या आकाराचंही तेच. दुर्बल घटकाच्या घराचं चटई क्षेत्र पहिल्या टप्प्यात 30 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे 323 चौरस फूट. दुसऱ्या टप्प्यात 30 ते 45. सात माणसं 323 फुटांत ठेवली तर माणशी 46 चौरस फूट येतात, एका पलंगाला आणि त्याच्याभोवती वळायला पुरेल इतकी जागा.

### गावात आकडा नाही, यादी आहे

परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 18 लाख 36 हजार होती आणि त्यातले दहांतले सात जण गावांत राहत होते. त्यांच्यासाठी वरचं 3 लाखांचं प्रकरण लागूच नाही. ग्रामीण योजनेत उत्पन्नाची पायरी नसते, तिथे ‘बाद’ करण्याच्या खुणा असतात. पूर्वी अशा तेरा होत्या. घरात फ्रीज असला, लँडलाईन फोन असला, दुचाकी असली तरी नाव कापलं जाई. दूध वाटायला घेतलेल्या जुन्या मोटारसायकलीने किती घरकुलं खाल्ली असतील, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. 2024 मध्ये दुचाकी, फ्रीज, लँडलाईन आणि मासेमारीची होडी या अटी गेल्या; होडीची अट परभणीत नेमकी कुणाला लागत होती ते गोदावरीलाच ठाऊक. आता खुणा दहा उरल्या: तीन किंवा चारचाकी वाहन, ट्रॅक्टरसारखं यंत्र, 50 हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकर, नोंदणी केलेला उद्योग, कुणा एका सदस्याची महिन्याला 15 हजारांवर कमाई (पूर्वी ही 10 हजार होती), आयकर, व्यवसाय कर, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत.

यातली उत्पन्नाची अट नीट वाचा. ती ‘एका सदस्याची’ आहे. घरात चौघं 12-12 हजार कमावत असतील, एकूण 48 हजार, तरी कुणी 15 हजारांच्या वर नाही म्हणून घर बाद होत नाही. एकटा गडी 16 हजार कमावून नऊ माणसं पोसत असेल तर बाद. शहरात मोठ्या कुटुंबाची बेरीज नडते, गावात एकट्या कमावत्याची कमाई नडते. दोन्हीकडे नडतो तो मोठ्या खटल्याचा माणूस.

जमिनीचंही असंच. जिंतूरच्या डोंगरकडेचं पाच एकर मुरमाड रान आणि गोदाकाठचं पाच एकर काळं रान सातबाऱ्यावर एकाच शब्दात बसतं, जिरायत. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी ज्याच्या बांधापर्यंत कागदावर पोचलं आणि रानात पोचलं नाही, त्याचं तर विचारूच नका.

मंजूर झालं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, शौचालयाचे 12 हजार आणि मजुरीचे पैसे वेगळे; 2025 मध्ये राज्याने त्यात 50 हजारांची भर जाहीर केली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर संचासाठी. घर किमान 25 चौरस मीटरचं. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंतीला भेगा पडतात. तो खर्चही या रकमेतच, आणि माणसं किती तेही विचारायचं नाही.

चौकट: परभणीकराला कोणती रेष लागू?

शहरात, प्रधानमंत्री आवास योजना (दुसरा टप्पा): दुर्बल घटक वार्षिक 3 लाखांपर्यंत, अल्प गट 6 लाखांपर्यंत, मध्यम गट 9 लाखांपर्यंत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. देशात कुठेही पक्कं घर नसावं. गेल्या 20 वर्षांत दुसऱ्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान 1 लाख.

म्हाडा (छत्रपती संभाजीनगर मंडळ): दुर्बल घटक साडेचार लाखांपर्यंत, अल्प गट साडेसात लाखांपर्यंत, मध्यम गट 12 लाखांपर्यंत. उत्पन्न फक्त अर्जदार आणि त्याच्या जोडीदाराचं.

गावात, प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण): उत्पन्नाची एकच मर्यादा नाही, बाद करण्याच्या दहा खुणा.

राज्याची मोदी आवास योजना (इतर मागासवर्ग): कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 20 हजारांपर्यंत.

### दाखल्याचं काय?

एवढं सगळं गणित शेवटी एका कागदावर उभं राहतं: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. पगारदाराकडे फॉर्म 16 असतो, विवरणपत्र असतं. हमालाकडे, शिवणकाम करणारीकडे, कापूस-सोयाबीनवाल्याकडे काय असणार? गावातला महसूल कर्मचारी चौकशी करतो, शेती, मजुरी, इतर अशा रकान्यांत अंदाज लिहितो आणि त्यावर दाखला निघतो. दाखल्यावरचा आकडा योजना बघून ठरतो, असं पारावर उघड बोललं जातं. त्यात तथ्य असेल तर दोष एकट्या दाखल्याचा नाही. रेषेच्या एका बाजूला 3 लाखांना अडीच लाखांची मदत आणि दुसऱ्या बाजूला 3 लाख 1 रुपयाला त्यातलं काही नाही, असा कडा उभा केला की माणसं कड्याच्या अलीकडेच गर्दी करणार. मदत टप्प्याटप्प्याने कमी होत गेली असती तर एका रुपयासाठी खोटं बोलायचं कारण उरलं नसतं.

ज्यांना यंदा अर्ज करायचाय त्यांनी एवढं करावं. आधी कोणत्या योजनेत जायचं ते ठरवा, मग त्या योजनेत कुटुंबात कोण धरतात ते विचारा आणि त्याप्रमाणेच उत्पन्न लिहा. म्हाडाच्या अर्जात मुलाची कमाई लिहून आपणच आपल्याला बाद करू नका. थोरल्याचं लग्न झालं असेल तर रेशनकार्ड वेगळं करून घ्या. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं, म्हणून तिचं आधार आणि बँक खातं एकाच नावाने आहे का ते तपासा. माहेरचं आणि सासरचं नाव यांच्या घोळात हप्ते अडकतात. आणि आपले सरकार सेवा केंद्रावर दाखल्याचा अर्ज मार्चमध्ये टाकू नका. तो दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, एप्रिलमध्ये पुन्हा नवा काढावा लागतो.